पक्या, बाटल्यांच्या करारावर सही करू नकोस

प्रिय पक्या,

हेडी टॉपर बिअर प्यायलो रे. तीच, जिच्यावरून तू आणि नित्या त्याच्या गच्चीवर पहाटेपर्यंत भांडत बसला होतात आणि बाप्पू मध्येच "बिअर ती बिअर" म्हणून घोरायला लागला होता. इथे सगळे बरे, माझं बीपी गोळीने ताब्यात आहे, पुढे वाच.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्टो म्हणून डोंगरातलं छोटं गाव आहे, पानं बघायला आम्ही तिकडे गेलो होतो आणि हेडी बनवणाऱ्या अल्केमिस्टची ब्रुअरी तिथेच आहे. थेट तिथून गार डबे घेतले आणि रूमवर येऊन एक फोडला. डब्याच्या काठावरच लिहिलेलं असतं की डब्यातूनच प्या, म्हणून अर्धा तसाच प्यायलो आणि उरलेला ग्लासात ओतला, कारण तू रंग विचारणार. गढूळ आहे, पिवळट नारिंगी, गाळत नाहीत ते. पण रंग सोड, वास! डबा फोडताक्षणी पपनसाची साल नखाने सोलल्यावर जे तुषार उडतात ना, तो वास, मागून आंब्याच्या देठाचा चिक, आणि मग जरासा देवदाराच्या लाकडाचा. आठ टक्के अल्कोहोल आहे, पण घशाला काही चटका नाही. कडूपणा आहे, भरपूर आहे, पण तो जिभेवर चिकटून बसत नाही, येतो आणि जातो, परत घोट घेतला की परत येतो. आपण ज्याला स्ट्राँग म्हणायचो, नाक दाबून, फक्त किकसाठी, त्याच्याशी हिचं काहीही नातं नाही. आठ टक्के तीही आणि आठ टक्के हीही, यावर माझा अजून विश्वास बसत नाहीये.

आणि दुसऱ्या घोटालाच मला तुझा तो बिअर बाटल्यांत भरून विकायचा प्लॅन आठवला आणि पोटात गोळा आला. म्हणून हे लिहितोय, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा पार्टनर म्हणतो पब छोटा राहील, खरा पैसा बाटलीत, वर्षभरात जळगाव, अकोला, नागपूर सगळ्या वाईन शॉपमध्ये आपला हेडीसारखा डबल आयपीए, म्हणजे इंडिया पेल एलचा जास्त कडक, जास्त कडू भाऊ. आणि त्यासाठी निफाडची द्राक्षबाग तारण. पक्या, काकांची बाग. मी रात्री नीट झोपलो नाही. हेडीच्या डब्यावरच छापलंय की ही नाशवंत वस्तू आहे, गार ठेवा पण बर्फ करू नका, आणि लगेच प्या, आम्ही अजून बनवतोच आहोत. जगात नावाजलेली बिअर बनवणारा माणूस स्वतः सांगतोय की साठवू नका! आणि तुझा पार्टनर ती मे महिन्यात ट्रकमध्ये भरून ४४-४५ डिग्रीत अकोल्याला पाठवणार.

तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहितेय पण तरी लिहितो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, उकळीच्या सुरुवातीला टाकले की कडूपणा उतरतो पण वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून वासासाठी ते अगदी शेवटी टाकतात आणि आंबवून झाल्यावर थंडच परत टाकतात, ड्राय हॉपिंग. म्हणजे आपण ज्याचे पैसे घेणार तो वास हीच त्या बिअरमधली सगळ्यात उडणारी गोष्ट. बाटली भरताना आत राहिलेली जराशी हवा आणि गोदामातली उष्णता, एवढ्यावर तो मरतो. मग उरतो गोडसर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. हे मी ऐकीव सांगत नाही, मुद्दाम इथल्या एका दुकानातून दुसऱ्याच कुठल्या ब्रुअरीचा डबल आयपीए घेतला, फ्रिजबाहेरच्या शेल्फवर काही महिने पडलेला, आणि हेडीच्या शेजारी ठेवून प्यायलो. अश्विनी बिअर पीत नाही, तिने नुसता वास घेऊन सांगितलं, हा पुठ्ठा आहे.

पार्टनरचा तो डायलॉग, की आयपीए भारतात यायलाच जन्मली म्हणून ती टिकणारच, त्याला काय उत्तर द्यायचं तेही सांगतो. लंडनच्या बो भागातला हॉजसन पेल एल पाठवायचा, पिंपांतून, जहाज आफ्रिकेला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी मुंबईला लागायचं, हे खरं. पण त्या हॉप्सचं काम बिअर नासू न देणं हे होतं, ती पिंपात मुरायची आणि लोकांना मुरलेलीच हवी होती. त्यात पपनसाचा वास कोणी शोधत नव्हतं. तुला जी बनवायचीय ती नुसती नावाने तिची नात आहे.

आणि तो म्हणेल की हेडी पण डब्यातच मिळते की. मिळते. पण ती बनवणाऱ्या जॉन आणि जेन किमिच यांनी स्टोजवळच्या वॉटरबरीत पब काढला २००३ ला आणि डबे सुरू केले २०११ ला. मधली आठ वर्षं तिथेच बनवली आणि तिथेच पाजली, गावाने चव ओळखली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाचा पूर आला आणि पब बुडाला, तळघरातल्या ब्रुअरीसकट, आणि दोनच दिवसांत गावातल्याच दुसऱ्या जागेत डबे भरायला सुरुवात झाली. तो पब परत उघडलाच नाही. तरीही पुढे कित्येक वर्षं आसपासच विकली, लोक गाड्या घेऊन तिथे यायचे. शिवाय डब्यात उजेड शिरत नाही, बाटलीत शिरतो आणि हॉप्सची बिअर उजेडात घाण वास मारायला लागते. पुण्यात डूलाली ब्रुअरीने २००९ ला सुरुवात केली तीही तिथेच बनवून तिथेच ग्लास भरूनच.

अरे तू द्राक्षवाल्याचा मुलगा आहेस! काका पहाटे काढणी लावायचे, ऊन चढायच्या आत माल पॅकहाऊसला, लगेच प्रीकूलिंग, मग रीफर, म्हणजे गार ठेवणारा, कंटेनर जेएनपीटीला. वाटेत एका रात्री कूलिंग बंद पडलं तर रॉटरडॅमला काय पोचतं हे तू त्यांच्या चेहऱ्यावर बघितलंयस. त्या माणसाच्या बागेवर कर्ज काढून तू ज्याच्यासाठी गार साखळीच नाही असा माल विकणार?

बनव रे, नक्की बनव, तुझ्या हाताला चव आहे हे मी त्या बाथरूममधल्या बादलीतल्या बिअरपासून म्हणतोय. पण छोटी टाकी, नाशिकलाच, नळातून ग्लासात. हॉप्स बाहेरूनच आणावे लागतील, तेही सीलबंद आणि फ्रीझरमध्ये, तिथे पैसे वाचवू नकोस. गव्हाची साधी बिअर खप सांभाळेल, डबल आयपीए थोडीच कर आणि संपली की संपली म्हण. बागेला हात लावायची गरज पडू नये एवढ्यातच बसव, कमी पडले तर मी आहे, उसने म्हणून नाही, हिस्सा घेऊन.

ओवीचा दहावीचा निकाल बाप्पूकडून कळला, तिला माझ्याकडून शाबासकी. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींची बदली रद्द झाली हे फार बरं झालं.

मी डिसेंबरात येतोय. तोवर काकांना सगळं सांग, माझ्या नावावर सांग हवं तर. रविवारी तुझ्या रात्री नऊला फोन करतो, जागेचं भाडं आणि टाक्यांचं कोटेशन घेऊन बस, आणि पार्टनरला लाईनवर घेऊ नकोस.

तुझाच,
मन्या