झाकण नंबर ४१

माती तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या काकांना,

सा. न. वि. वि.

आम्ही आलो तेव्हा तुम्हाला 'सर' म्हणालो होतो. तुम्ही हातातली चाळणी खाली न ठेवताच म्हणालात, "सर आत बसतात, रिपोर्टवर सही करतात. मी काका." म्हणून हे पत्रही काकांनाच. उघडं लिहितेय, कारण त्या दोन दिवसांत आम्ही बाराजण होतो आणि सगळ्यांच्या वतीनं आभार मानायचे आहेत. पण मुख्य गोष्ट माझी एकटीची आहे.

खरं सांगायचं तर आम्ही भेटीचं पत्रक भरून घ्यायला आलो होतो. यंत्रं दुरून पाहायची, फोटो काढायचे, चार पानांचा अहवाल लिहायचा. तुम्ही पहिल्या दहा मिनिटांतच घड्याळं, अंगठ्या काढायला लावल्यात आणि हातात माती दिलीत. ती तुम्ही आदल्या रात्रीच पाणी घालून कालवून ठेवली होती, कारण चिकणमातीत पाणी मुरायला वेळ लागतो. आमच्यासाठी कुणी आदल्या रात्री थांबलं होतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

लिक्विड लिमिटचं, म्हणजे किती टक्के पाण्याला माती वाहू लागते ते मोजायचं यंत्र पुस्तकात अर्ध्या पानाचं चित्र आहे. तुमच्या टेबलावर ती एक झिजलेली पितळी वाटी होती. वापरण्याआधी तुम्ही खाच पाडायच्या हत्याराची १० मिलिमीटर जाडीची मागची बाजू वाटीखाली सरकवून पाहिलीत. वाटी बरोबर तेवढ्याच उंचीवरून पडली पाहिजे. मग माती भरायची, मधोमध खाच पाडायची, सेकंदाला दोन फेरे या वेगानं दांडा फिरवायचा आणि खाच तळाशी साधारण अर्धा इंच मिटेपर्यंत ठोके मोजायचे. मी घाईघाईनं फिरवत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, शेजारी उभं राहून टेबलावर बोटानं ताल धरलात.

चार वेळा पाणी बदलून चार डब्या भरल्या आणि रात्रभर ओव्हनमध्ये, १०५ ते ११० अंशांवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वजनं घेतली, ठोके आणि पाण्याची टक्केवारी यांचा आलेख काढला. तीन बिंदू एका रेघेत, चौथा वर. २० ठोक्यांच्या मातीत पाणी ५४ टक्क्यांच्या वर दिसत होतं. मी खोडरबर उचलला. हे लिहायला लाज वाटते, पण बिंदू खाली सरकवायला किती वेळ लागतो? आमच्या जर्नलमध्ये अशा रेघा सगळ्यांच्याच सरळ येतात.

"पुसू नको. आधी डबी आण."

तुम्ही १४ नंबरची डबी रिकामी करून, पुसून, झाकणासकट पुन्हा तोलायला लावलीत. माझ्या कागदावर रिकामं वजन होतं २४.३६ ग्रॅम. काट्यावर आलं २३.१६. तुम्ही विचारलंत, काल शेजारी कोण बसलं होतं? त्या गटाची ४१ नंबरची डबी मागवलीत आणि तिचं झाकण माझ्या डबीवर ठेवलंत. २४.३६. आदल्या दिवशी रिकाम्या डब्या तोलताना झाकणं बदलली होती. माती भरताना नंबर पाहून बरोबर लावली, पण तोवर चुकीचं वजन कागदावर गेलं होतं. १.२ ग्रॅमचा फरक. कोरडी माती जेमतेम २० ग्रॅम, त्यामुळे तेवढ्यानंही टक्केवारी तीननं चढली. दुरुस्त केल्यावर बिंदू ५१ वर आला आणि रेघेत बसला. शेजारच्या गटाचा एक बिंदू खाली का पडला होता, तेही त्याच झाकणानं सांगितलं. (त्यांनी त्यांचा आधीच पुसला होता. मी नाव सांगणार नाही.)

रेघेवरून २५ ठोक्यांना ४९ टक्के आले. तीच त्या मातीची लिक्विड लिमिट. ५० ओलांडलं की हीच माती वर्गीकरणात वरच्या गटात जाते, जास्त फुगणारी आणि जास्त आकसणारी म्हणून तिच्याकडे संशयानं बघतात, आणि पाया कसा घ्यायचा याचा विचार बदलू शकतो. हे तुम्ही भाषण म्हणून सांगितलं नाहीत. डबी जागेवर ठेवता ठेवता सांगितलंत.

बाकीचंही आठवतं. ३ मिलिमीटर जाडीची वळी करता करता तिला तडे जाईपर्यंत काचेवर घासलेले तळवे. एकाच मातीच्या दोन नळ्या, एकीत पाणी, एकीत रॉकेल. रॉकेलमधली १० च्या खुणेवर बसून राहिलेली आणि पाण्यातली सकाळपर्यंत १८ वर फुगलेली. आणि ती पिशवी, जिची चिठ्ठी भिजून अक्षरं गेली होती. साइटवरचा माणूस फोनवर सांगत होता, तीन मीटर खोलीचीच असेल, लिहून टाका. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि नमुना पुन्हा पाठवायला सांगितलंत. "चिठ्ठी नाही तर ती नुसती माती," एवढंच आमच्याकडे वळून म्हणालात.

माझा तो कागद मी जपून ठेवला आहे. २४.३६ वर एकच आडवी रेघ, आकडा वाचता येईल अशी, वर २३.१६, शेजारी तुमची सही आणि तारीख.

एक विचारायचं राहिलं. सीबीआरसाठी, म्हणजे रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजायच्या चाचणीसाठी, आम्ही ठोकून भरलेला साचा तुम्ही पहिल्या दिवशी पाण्यात ठेवला होता. चार दिवस भिजणार होता आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो. तो किती फुगला आणि आकडा किती आला, नोंदवहीत असेल तर कळवाल का? जर्नलमध्ये तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

तुमची,
१४ नंबरच्या डबीवाली