मावशी, तो कागद टेबलावर ठेवायला लावलात

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

तुमच्यासमोर आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही "देवाची स्तुती असो" म्हणता आणि चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

यांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात पडला, त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे प्रार्थनेसाठी आले नव्हते. तुमच्या भाच्याची मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरांशी ओळख आहे, एवढं ऐकून आले होते. पतपेढीचं कर्ज, माझ्या पाटल्या, आमदारांचं पत्र, सगळीकडे धावून झालं होतं. तुम्ही आधी भाच्याचा नंबर दिलात. मग म्हणालात, "आता तो कागद इकडे आण." टेबलावरचा पसारा बाजूला सारलात, रिपोर्ट उलगडलात, घड्यांवरून हात फिरवलात. "बायबलातल्या हिज्कीया राजाला शत्रूचं धमकीचं पत्र आलं, तेव्हा त्यानं ते वाचलं आणि मंदिरात परमेश्वरासमोर पसरून ठेवलं. तूही ठेव."

मी शाळेत इतिहास शिकवते. अश्शूरचा राजा सन्हेरीब याची हिज्कीयाच्या यहूदा राज्यावरची ती स्वारी मला इ.स.पू. ७०१ म्हणून पाठ होती. त्यानं मातीच्या प्रिझमवर कोरून ठेवलंय, की यहूदाची ४६ तटबंद नगरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. शहर घेतल्याचं मात्र तो कुठं म्हणत नाही. हे सगळं ठाऊक होतं, पण बायबलातलं 'दुसरे राजे' हे पुस्तक उघडून मी त्या रात्री पहिल्यांदा घाबरलेल्या माणसासारखं वाचलं.

हिज्कीयानंही आधी पैशानं सुटका करून पाहिली होती! ३०० किक्कार चांदी, ३० किक्कार सोनं (किक्कार म्हणजे तेव्हाचं एक मोठं वजन). त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडलं. तरी फौज आलीच. तटाखाली उभा राहून सन्हेरीबाचा अधिकारी रब्शाके ओरडत होता. हिज्कीयाचे दरबारी विनवत होते, अरामी भाषेत बोला, लोक ऐकतायत. तो मुद्दाम यहूद्यांच्याच भाषेत बोलला. भीती रात्री तीनला माझ्याशीही अशीच माझ्या भाषेत बोलायची. "दोन हजार घोडे देतो, स्वार आहेत का तुझ्याकडे?" असं त्यानं हिणवलं, आणि खरोखरच स्वार नव्हते. मला भीती जे सांगत होती तेही खरंच होतं. तीन ब्लॉकेज खरे, रिकामं पासबुक खरं. ते खोटं आहे असं तुम्ही मला कधी म्हणायला लावलं नाहीत, मावशी. याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे.

"सगळं देवावर सोडायचं तर ऑपरेशन तरी कशाला?" असं मी चिडून विचारलं, तेव्हा तुम्ही रागावलात. "हिज्कीयानं पाण्यासाठी बोगदा खणलाच ना!" खणला. गीहोन झऱ्यापासून शिलोह तळ्यापर्यंत, अखंड खडकातून, ५३३ मीटर. दोन टोळ्या दोन टोकांनी निघाल्या. तिथल्या शिलालेखात लिहिलंय, की शेवटचे तीन हात उरले तेव्हा खडकापलीकडून माणसाची हाक ऐकू आली.

ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर पाच तास बसलात. पिठलं-भाकरीचा डबा मांडीवर. एक शब्द नाही.

काका अशाच ऑपरेशनमधून परत आले नव्हते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मग मी तुम्हाला विचारलं, "तरी तुम्ही मला कागद ठेवायला कसं सांगितलंत?" तुम्ही कणीक मळत होतात. म्हणालात, "यांचाही ठेवला होता गं. उत्तर वेगळं आलं. पण त्या रात्री मी एकटी नव्हते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे."

हे आता रोज चालून येतात, सावकाश. तुमची आठवण काढतात.

बुधवारी तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येतेय, नको म्हणू नका. मंगळवारी संध्याकाळी तुमचे कागद घेऊन घरी या. टेबल रिकामं करून ठेवलंय, आणि डबा मी आणणार आहे.

तुमची,
मागच्या गल्लीतली बाई