सुमे, तो पिसांचा मुकुट आधी काढ

बॉस्टन, 12 ऑक्टोबर

प्रिय सुमे,

माझा गुडघा आहे तसाच आहे, बीपी गोळीवर आहे. झालं.

मराठी शाळेच्या नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंग कार्यक्रमाचं स्क्रिप्ट वाचलं. वाम्पानोआग (इथली मूळनिवासी जमात) झालेल्या पोरांना तू पाठीवर रुळणारे पिसांचे मुकुट दिलेस! अगं, ते पश्चिमेच्या मैदानी जमातींचे. इथल्या नर्तकाच्या डोक्यावर 'रोच' असतो, साळूच्या राठ केसांचा आणि हरणाच्या केसांचा उभा तुरा. कोळीनृत्याला पाचवारी नेसवली म्हणून गॅदरिंगच्या बाईंशी अबोला धरणारी तू, म्हणून एवढं भांडतेय.

शाळांत नाच दाखवणाऱ्या-शिकवणाऱ्या या वाम्पानोआग नर्तकांचा किती वेळ नाचाबाहेर जातो बघ. नुसतं पोशाखाचं हरणाचं कातडं घे. आतलं मांस खरवडायचं, मग बाहेरचे केस आणि त्यांच्या मुळाशी असलेला पातळ थर. तो थर कुठे राहिला तर चोळलेला मेंदू आत मुरत नाही, तिथे टणक चट्टा पडतो. हो, मेंदूच. कोमट पाण्यात कालवून चोळायचा. एका हरणाला त्याचाच पुरतो म्हणतात. मग पिळायचं आणि पार सुकेपर्यंत ताणत राहायचं. ओलसर असताना हात थांबला की कातडं पापडासारखं कडक! शेवटी कुजक्या लाकडाची धुरी. जाळ धरला तर करपतं, आणि धुरी दिलीच नाही तर एकदा भिजल्यावर पुन्हा ताठ. तुझी ग्लू-गन आणि तपकिरी फेल्ट यावर मी काही बोलत नाही.

श्रीधरच्या नोकरीचं काय झालं? सईला ॲडमिशन मिळाली का? फोनवर सांग.

तर, नाचाचं. 1621 च्या त्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाबद्दल प्लिमथच्या इंग्रज वसाहतीतल्या विन्स्लोच्या पत्रात वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याबरोबर आलेले सुमारे 90 जण आहेत, त्यांनी मारून आणलेली 5 हरणं आहेत, 3 दिवस आहेत. नाचाचा शब्द नाही. तुझ्या स्क्रिप्टात मात्र पाहुणे आल्या आल्या नाचतात!

प्लिमथ पटक्सेट संग्रहालयात इंग्रज वस्तीतली माणसं सतराव्या शतकातली होऊन बोलतात. वाम्पानोआग वस्तीतली मात्र जुन्या पोशाखातही आजचीच म्हणून बोलतात, कारण 'हे लोक संपले' असं समजून येणाऱ्याला तिथेच उत्तर मिळायला हवं. माशपीच्या वाम्पानोआगांतल्या ॲनावॉन वीडनने 2009 च्या पीबीएस वाहिनीच्या मालिकेत मेटाकॉम (इंग्रजांशी लढलेला मॅसासॉइटचा मुलगा) केला, ती भूमिका होती. शाळेत नाचायला-शिकवायला तो जातो तो स्वतः म्हणून. मेटाकॉमला 1676 मध्ये मारून त्याचं शीर प्लिमथमध्ये खांबावर लावलं होतं, वर्षानुवर्षं. आपली मंडळी मात्र टर्कीवर अडून बसलीत. टर्कीचं सोंग श्रीधरला द्या, शोभेल.

नाच हवाच असेल तर वाम्पानोआगांतल्याच कुणाला बोलाव. मानधन आणि प्रवासखर्च आधी कळव, 'प्रसिद्धी मिळेल' असलं काही लिहू नकोस. नोव्हेंबरात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, फेब्रुवारी-मार्च विचार. कुठल्या नाचाचे फोटो चालतील आणि कुठल्यात मुलांनी रिंगणात यायचं, हे तेच सांगतील. नाहीतर 4 जुलैच्या सुमारास माशपी गावी पाववाव, म्हणजे त्यांचा नाच-गाण्यांचा मेळावा, असतो, सगळी पोरं घेऊन ये.

नवं स्क्रिप्ट शुक्रवारपर्यंत पाठव. आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावत जा, मागच्या पार्सलला अख्खी साडी माखली.

तुझी,
नंदा