चुकीच्या मापाच्या मेन बेअरिंग सेटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ०.२५ मिमी अंडरसाइज मेन बेअरिंग सेटमध्ये स्टँडर्ड मापाची जोडी निघाल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेला मेन बेअरिंगचा सेट, म्हणजे इंजिनाचा क्रँक ज्यात फिरतो त्या अर्धगोल शेलच्या पाच जोड्या, सदोष निघाल्याचे मी फोनवर आणि ईमेलने कळवले होते. त्यावर आलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे रीतसर पत्र लिहीत आहे.

गाडी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंजिन १८०० सीसी, पाच मेन बेअरिंगचे. १९६४ च्या उत्तरार्धापर्यंत याच गाडीला तीन मेन बेअरिंगचे इंजिन येत असे, तेव्हा घोळ नको म्हणून ऑर्डरमध्ये इंजिन नंबर लिहिला होता. क्रँक ग्राइंड करून पाचही मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे गोल भाग) ५३.७६ मिमीवर आणले आहेत, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी कमी. मशीन शॉपने दिलेला मापांचा कागद मी ऑर्डरसोबत जोडला होता आणि तो पाहूनच तुमच्या विक्री विभागाने हा सेट लागेल असे लेखी कळवले.

खोक्यावर ०१० असे माप छापलेले आहे, म्हणजे ०.०१० इंच किंवा ०.२५ मिमी अंडरसाइज. आतल्या चार जोड्यांच्या पाठीवरही तोच शिक्का आहे. मधल्या जर्नलच्या जोडीवर मात्र 'एसटीडी', म्हणजे स्टँडर्ड, असा शिक्का आहे. नुसत्या शिक्क्यावर विसंबून मी तक्रार करत नाही. गोल टोकाच्या मायक्रोमीटरने सगळ्या शेलची जाडी मोजली. ०.२५ मिमी अंडरसाइजचा प्रत्येक शेल स्टँडर्डपेक्षा सुमारे ०.१२७ मिमी जाड असायला हवा. मधली जोडी बाकीच्यांपेक्षा नेमकी तेवढीच पातळ भरते. त्यानंतर शेल कोरडे पुसून बसवले, प्रत्येक जर्नलवर हिरव्या प्लास्टिगेजचा (फट मोजायच्या मऊ धाग्याचा) तुकडा आडवा ठेवला, कॅप (बेअरिंगवरची झाकणे) ९५ न्यूटन मीटरला आवळले आणि क्रँक जराही न फिरवता पुन्हा उघडले. चार ठिकाणी धागा चपटा होऊन पट्टीवर ०.०५ मिमीच्या खुणेशी जुळला. मधल्या जर्नलवरचा धागा ठेवला होता तसाच गोल राहिला, कारण तिथे त्याला दाबण्याइतके काही जवळच आले नाही. या इंजिनाला ०.०२५ ते ०.०७ मिमी क्लिअरन्स (जर्नल आणि शेलमधली फट) लागतो. तिथे तो ०.३० मिमीच्या आसपास जातो.

इंजिन असेच जोडून सुरू केले असते तर काय झाले असते, हे तुम्हाला सांगायला नको. तेल आधी मेन बेअरिंगला येते आणि तिथून क्रँकमधल्या छिद्रांवाटे बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगना) जाते. एका मेनमधून तेल असे मोकळे वाहून गेले की प्रेशर पडते, बिग एंड तहानलेले राहतात आणि नुकताच ग्राइंड केलेला क्रँक पुन्हा मशीनवर चढवावा लागतो. तोही वाचला तर.

आता तुमच्या उत्तराविषयी. पाकीट उघडले आहे आणि शेलवर बसवल्याच्या खुणा आहेत, म्हणून सेट परत घेता येणार नाही, असे तुम्ही लिहिता. बेअरिंग तपासायचे म्हणजे पाकीट उघडायचे, शेल जागेवर ठेवायचे, कॅप आवळायचे आणि क्लिअरन्स मोजायचा. दुसरा मार्ग नाही. इंजिन फिरलेलेच नाही, त्यामुळे आतल्या पृष्ठभागावर झीज नाही. फोटोत ते स्पष्ट दिसते. पाकीट न उघडता परत करणाऱ्यालाच परतावा मिळेल आणि काळजीने मोजणाऱ्याला मिळणार नाही, असा हा नियम आहे. तो बेअरिंगसारख्या भागाला लावणे चूक आहे.

सगळ्यात जास्त राग मला तुमच्या तांत्रिक सहायकाच्या सल्ल्याचा आला. मधल्या शेलखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला किंवा कॅपचे तोंड थोडे घासा, असे त्यांनी सुचवले. शेलची कड ब्लॉकच्या तोंडापेक्षा किंचित वर राहते आणि कॅप आवळल्यावर तो दाबाने जागेवर घट्ट बसतो. त्याला धरून ठेवतो तो हा दाब. कडेची जीभ फक्त बसवताना जागा दाखवते. खाली शिम घातला की पाठ पूर्ण टेकत नाही, उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही आणि तेलाचे छिद्र झाकले जाण्याची भीती असते ती वेगळीच. कॅप तर ब्लॉकला जोडून, त्याच्याबरोबर बोअर केलेला असतो. एकदा घासला की गोलाई गेली, मग लाइन बोअरिंगशिवाय, म्हणजे बेअरिंगची सगळी भोके एका रेषेत पुन्हा कोरल्याशिवाय, इलाज नाही. एमजीबी बनवणारा इंग्लंडमधला ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. या गाड्या आज तुमच्यासारख्या पुरवठादारांच्या भरवशावर चालतात, आणि तिथूनच असा सल्ला मिळावा हे गंभीर आहे.

आणखी एक बाब. शेल एकमेकांत अडकवून, मध्ये कागद न घालता पाठवले होते. दोन शेलच्या मऊ थरावर कडेने ओरखडे उठले आहेत. नख फिरवले तरी लागतात.

माझी मागणी अशी की पाचही जोड्या एकाच मापाच्या असलेला नवा सेट प्रत्येक शेलची जाडी मोजून, तो आकडा लिहून, आठ दिवसांत पाठवावा. जुना सेट परत नेण्याचा खर्च आपण करावा. सेट उपलब्ध नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. त्याच लॉटमधले सेट ज्यांना गेले असतील त्यांना ताबडतोब कळवावे; त्यांच्यापैकी कुणी इंजिन जोडायच्या बेतात असेल. शिमचा सल्ला चुकीचा होता, हेही मला लेखी हवे आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपला ग्राहक

सोबत: पावती, मशीन शॉपचा मापांचा कागद, शिक्के आणि प्लास्टिगेजचे फोटो, आपल्याशी झालेला पत्रव्यवहार