कोर्दोबाला अडीच तास पुरत नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या सहल कंपन्यांचे स्पेनचे कार्यक्रम नजरेखालून घातले, तर एक गोष्ट हमखास आढळते. माद्रिद, सेव्हिया, ग्रनाडा, बार्सिलोना इथे मुक्काम आणि कोर्दोबा मात्र जाता जाता. बस दुपारी साडेबाराला नदीकाठी उभी राहणार, गाइड इथल्या जुन्या मशिदीतून (आता ती कॅथेड्रल आहे) तासाभराची फेरी मारून आणणार, मग जेवण, आणि तीन वाजता गाडी सेव्हियाच्या रस्त्याला. माणशी काही लाख मोजणाऱ्यांना हे शहर असं उरकून दाखवण्यात सोय कोणाची होते, हे सांगायला नको. आगाऊ रक्कम भरण्याआधी काय विचारावं आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी काय सांभाळावं, यासाठी हा पत्रप्रपंच.

दुपारची वेळच मुळात चुकीची. दोन ते पाच दुकानं बंद, गल्ल्या तापलेल्या, आणि माद्रिद-सेव्हियाहून दिवसाची फेरी मारायला आलेले सगळे नेमके त्याच वेळी मशिदीत. त्यात सोमवार आला, तर पुराणवस्तू संग्रहालय, अल्कासार (राजांचा किल्लेवजा वाडा) आणि शहराबाहेरचे मदीना अझहारा या जुन्या राजधानीचे अवशेष हे तिन्ही बंद. मशीद-कॅथेड्रल उघडं असतं, म्हणून कंपनी 'कोर्दोबा दर्शन' छापायला मोकळी! कार्यक्रमपत्रिकेत तारखेसमोर वार लिहिलेला नसेल, तर आधी कॅलेंडर काढून बघा.

मुक्कामाचा खर्च वाढतो ही सबबही टिकत नाही. वेगवान रेल्वेने माद्रिदहून कोर्दोबा पावणेदोन तासांवर, तिथून सेव्हिया पाऊण तासावर, मालागा साधारण तासावर. म्हणजे सेव्हियातली एक रात्र कमी करून कोर्दोबाला द्यायची, एवढाच प्रश्न. मे महिन्याचा पहिला पंधरवडा सोडला, तर इथली हॉटेलं सेव्हियापेक्षा सहसा महाग नसतात.

आता शहराबद्दल. रोमन कोर्दोबा एकीकडे आणि अरबी कोर्दोबा दुसरीकडे, अशी वाटणी इथे नाही. एकाच्या दगडांवर दुसरं उभं आहे, आणि हे कळायचं तर क्रम पाळावा लागतो. रोमनांनी इ. स. पू. दुसऱ्या शतकात वसवलेलं हे शहर पुढे दक्षिण स्पेनमधल्या बेतिका या रोमन प्रांताची राजधानी झालं. तत्त्वज्ञ सेनेका इथलाच. सुरुवात महापालिकेला खेटून उभ्या असलेल्या रोमन मंदिरापासून करावी. पहिल्या शतकातलं हे मंदिर १९५०च्या दशकात महापालिकेची इमारत वाढवताना सापडलं. आज दिसणारे उंच खांब बरेचसे नव्याने रचून उभे केलेले आहेत, तेव्हा तिथे फार रेंगाळू नका. रस्त्यावरूनच नीट दिसतं. तिथून चालत पुराणवस्तू संग्रहालयात जा. त्याच्या तळघरात रोमन नाट्यगृहाचे अवशेष जागच्या जागी ठेवलेत. मात्र खरं बघायचं ते वरच्या दालनांत: खांबांची शीर्षं. त्यांच्यावरची कोरलेली काटेरी पानं, कडांची वळणं डोळ्यांत साठवून घ्या, कारण पुढच्याच तासाला मशिदीत हीच शीर्षं छताला टेकू देताना भेटतात.

इथला अरब राज्यकर्ता अब्द अल-रहमान पहिला याने ७८५च्या सुमारास मशीद बांधायला घेतली, तेव्हा खांब मुद्दाम घडवले नाहीत. रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर, अरबांआधी इथे राज्य केलेले लोक) इमारतींतले उचलून आणले. अडचण अशी, की हे खांब बुटके आणि उंचीला कमी-जास्त. त्यांच्यावर थेट छत टाकलं असतं, तर एवढ्या लांब-रुंद दालनात कोंदटल्यासारखं झालं असतं. उपाय म्हणून खांबाच्या डोक्यावर दगडी चौकोनी खांब चढवला आणि कमानींचे दोन मजले केले. खालची नालाच्या आकाराची कमान नुसती मोकळी आहे, तिच्यावर भिंत नाही. तिचं काम खांब डळमळू नयेत म्हणून त्यांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचं. वरची अर्धगोल कमान छताचा भार घेते, आणि तिच्यावरच्या भिंतीच्या माथ्यावरून पावसाचं पाणी वाहून नेणारे पन्हाळ जातात. स्पेनमधल्याच मेरिदा शहरातल्या रोमन जलवाहिनीत दगड आणि विटांचे आलटून-पालटून थर आणि एकावर एक कमानी दिसतात. इथल्या कारागिरांनी ती पाहिली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

इमारत चार टप्प्यांत वाढली आणि टप्पे ओळखता येतात. संत्र्यांच्या अंगणातून आत शिरल्यावर लागतो तो सर्वांत जुना भाग. इथे एका रांगेतले दोन खांब एकसारखे सापडणं कठीण: एक करडा, एक गुलाबी, एक पन्हाळी कोरलेला. सरळ दक्षिणेला चालत गेलं की नवव्या शतकातला वाढीव भाग ओलांडून खलीफा अल-हकम दुसरा याच्या दालनात पोचतो. ९६०च्या दशकातलं हे काम ऐपतीचं आहे. खांब मागणीनुसार घडवलेले, एक गुलाबी तर पुढचा काळसर निळा, असे पाळीने लावलेले. टोकाला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच्या सोनेरी काचेच्या मोज़ेकसाठी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने तुकडे आणि कारागीर धाडला होता. कठड्याच्या आत जाऊ देत नाहीत आणि उजेड बेताचा असतो, म्हणून छोटी दुर्बीण जवळ असावी. वर मान करून घुमटाच्या एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्या बघायला विसरू नका. गाइडची घाई असते ती नेमकी इथे.

यानंतर पूर्वेचा भाग, ९८७ नंतर अल-मन्सूर या खलीफाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या मंत्र्याने जोडलेला. दक्षिणेला नदीचा उतार आडवा आला, म्हणून त्याने बाजूने वाढवलं आणि मिहराब मध्यावरून सरकला. इथल्या कमानी जवळून बघा. जुन्या भागात तांबडा पट्टा म्हणजे खरी वीट आणि पांढरा म्हणजे दगड. इथे मात्र सगळा दगडच, वर तांबडा रंग फासलेला. काही ठिकाणी रंग उडून खालचा दगड डोकावतो. साम्राज्य मोठं होत गेलं आणि कारागिरीत काटकसर शिरली, याचा याहून बोलका पुरावा नाही. तासाभराच्या फेरीत हा फरक कोणी दाखवत नाही.

मध्यभागी घुसवलेल्या कॅथेड्रलबद्दल लोक तावातावाने बोलतात. १२३६मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, तरी जवळजवळ तीन शतकं इमारतीला मोठा धक्का लागला नाही. १५२३मध्ये बिशपने मधले खांब काढायला घेतले, तेव्हा नगरपालिकेनेच कडाडून विरोध केला. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने कौल दिला. आमचं मत विचाराल तर तोडफोड वाईटच, पण वापरात राहिली म्हणूनच ही इमारत उभी राहिली. आजही तिथे प्रार्थना चालते. पुरुषांनी टोपी काढायची असते. नमाज पढायला परवानगी नाही, रखवालदार लगेच अडवतात. मुस्लिम वाचकांना हे आधी ठाऊक असलेलं बरं.

तिकिटाची खुबी अशी: सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश मोफत असतो, पण फक्त सुट्या लोकांना. गटांना या वेळेत घेत नाहीत, आणि म्हणूनच हा तास कुठल्याही सहलीच्या पत्रिकेत नसतो. गर्दी नसते आणि कोवळं ऊन तिरकं आत येतं. संपायच्या दहा मिनिटं आधीपासून लोकांना बाहेर काढायला सुरुवात होते, तेव्हा सव्वाआठला दारात हवं. शहरात मुक्काम असेल तरच हे जमतं. घंटाघराचं तिकीट वेगळं, ठरावीक वेळेचं आणि मोजक्या माणसांचं; आदल्या दिवशीच काढून ठेवा. जुना मिनार त्या घंटाघराच्या पोटात दडलेला आहे.

पुलाबाबत थोडक्यात. 'रोमन पूल' म्हणून दाखवतात त्याच्या १६ कमानींपैकी मूळ रोमन जेमतेम एक-दोन; बाकी शतकानुशतकांच्या डागडुज्या, शेवटची मोठी २००८मध्ये संपलेली. २००४पासून वाहनं बंद आहेत. संध्याकाळी पलीकडच्या कालाओरा बुरुजाकडून शहराकडे चालत यावं. मशिदीच्या आसपास बायका हातात रोझमेरीची डहाळी कोंबतात आणि मग पैसे मागतात. हात खिशात ठेवा.

मदीना अझहारा हे तर कार्यक्रमांतून सरसकट गाळलं जातं. अब्द अल-रहमान तिसरा याने ९२९मध्ये स्वतःला खलीफा घोषित केलं आणि काही वर्षांत शहराच्या पश्चिमेला सुमारे ८ किलोमीटरवर डोंगरउतारावर नवी राजधानी उठवली. पाऊणशे वर्षांत यादवीत ती लुटली गेली, जळाली, आणि मग तिचेच दगड लोकांनी इतरत्र नेले. १९११पासून उत्खनन चालू आहे, तरी जेमतेम दहावा हिस्सा उघडा झालाय. २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. जाण्याची पद्धत दोन टप्प्यांची: शहरातून बस पायथ्याच्या संग्रहालयापर्यंत, आणि तिथून वर अवशेषांपर्यंत वेगळी शटल, तिचं वेगळं तिकीट. ते न काढणारे चढ चालत जातात आणि अर्ध्यावर हैराण होतात. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास धरा. वर सावली नाही, पाण्याची बाटली न्या. रविवारी आणि उन्हाळ्यात तीनलाच बंद होतं.

ऋतू सांभाळायलाच हवा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत पारा सर्रास चाळिशी ओलांडतो. ऑगस्ट २०२१मध्ये विमानतळावर ४६.९ अंशांची नोंद झाली. दिवाळीची सुटी उत्तम. मेच्या सुटीत जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पहिल्या पंधरवड्यात अंगणांची स्पर्धा असते. आपल्या पेठांतल्या वाड्यांचे चौक जसे, तशी ही घरांच्या पोटातली अंगणं, भिंतीभर कुंड्या टांगलेली. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब बांबूच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. साधारण अकरा ते दोन आणि सहा ते दहा या वेळात बघायला मिळतात, प्रवेश फुकट, पण हॉटेलांचे दर भडकलेले आणि रांगा लांब. एरवी जाणाऱ्यांनी वियाना वाडा बघावा. त्यात १२ अंगणं आहेत.

शाकाहारी मंडळींसाठी: साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं घट्ट गार सूप, पण वर अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे पेरतात. 'सिन हामोन, सिन ह्वेवो' असं आधी सांगा. तळलेल्या वांग्यांवर काकवी घातलेला पदार्थ मात्र बिनधास्त मागवा. 'बेजिताल' नावाच्या सँडविचला भुलू नका, त्यात बहुधा ट्यूना आणि अंडं असतं. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं साडेआठच्या पुढेच मिळतं. सातला जेवणाऱ्यांनी सोबत दशम्या बाळगाव्यात.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि जुन्या शहरात गाडी घालू नये. तिथे परवानगीशिवाय शिरलं, की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत पुण्याला पोचतो. हॉटेल आत असेल, तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवावा. सामानाची चाकंही गोट्यांच्या फरसबंदीवर अडतात, पाठीवरची पिशवी बरी. रेल्वेने जाणाऱ्यांनी सामानाच्या तपासणीसाठी स्थानकावर अर्धा तास आधी पोचावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पासपोर्ट परतीनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो.

आपल्या पर्यटन पुरवणीला एक विनंती. कंपन्यांचे कार्यक्रम छापताना प्रत्येक ठिकाणासमोर वार, पोचण्याची वेळ आणि निघण्याची वेळ द्यायला त्यांना भाग पाडावं. कोर्दोबासमोर 'सोमवार, १२.३० ते ३' असं दिसलं, तर वाचक आपलं आपण ठरवतील.

आपले,
दोन नियमित वाचक, एरंडवणे, पुणे