चाळीस सड म्हणजे चाळीस गायी नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी संशोधनाकडे वळावे, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. या विषयाला जागा दिलीत, आभार. पण सोबतच्या छायाचित्रातला विद्यार्थी जंतुतपासणीसाठी सडाखाली नळी सरळ उभी धरून दूध घेतो आहे आणि तिचे झाकण गव्हाणीच्या कठड्यावर ठेवलेले आहे. अशी नळी धरली की कासेवरचे केस आणि शेणाचे कण थेट आत पडतात. नळी जवळजवळ आडवी धरायची, झाकण बोटांत, तोंड खाली करून. पहिल्या धारा टाकून द्यायच्या. स्पिरिटच्या बोळ्याने सड पुसताना आधी पलीकडचे दोन, मग अलीकडचे. दूध घेताना मात्र आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. हे चुकले की ब्लड अगरवर (जंतू वाढवायच्या थाळीवर) तीन-चार प्रकारच्या जंतूंच्या वसाहती उगवतात आणि नमुना बाद होतो. व्याख्यानातून हे येत नाही. शेजारी उभे राहून मनगट वळवून दाखवणारा कोणीतरी लागतो, आणि तो कुठून येणार याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

एका महाविद्यालयातला प्रकल्प आठवतो. सुप्त कासदाहावर, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या कासेच्या दाहावर, सडबुडीच्या (धार काढल्यावर सड बुडवायच्या) औषधाचा उपयोग होतो का, हा प्रश्न चांगला होता. पाच गायींना औषध, पाच तशाच. सीएमटी, म्हणजे चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये दुधात द्रावण मिसळून ते किती घट्ट होते यावरून कासदाह ओळखायची चाचणी, सडागणिक केली आणि वीस विरुद्ध वीस असा हिशेब मांडून 'लक्षणीय फरक' जाहीर झाला. पोस्टरला बक्षीसही मिळाले. पण एका गायीचे चार सड एकाच कासेचे. गाय तीच, धार काढणारा हात तोच, पुसायचे फडके तेच. एक सड बिघडला की शेजारचा बिघडण्याची शक्यता वाढते. तुलना पाच विरुद्ध पाच गायींचीच होती आणि तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नव्हते. त्यातल्या दोन गायी त्याच आठवड्यात व्यायलेल्या. चिकाच्या दिवसांत सीएमटी उगाच घट्ट येते. वर चारही कप्प्यांचे निकाल संध्याकाळी आठवून लिहिलेले. प्रत्येक कप्प्यात दोन-तीन मिलि दूध, तितकेच द्रावण, पॅडल गोल फिरवायचे आणि वीस सेकंदांच्या आत वाचायचे; हात ओले असले तर दुसऱ्याने लिहून घ्यायचे. त्या मुलाने मन लावून काम केले होते. मार्गदर्शकाने मात्र वही पाहिली ती सही करण्याच्या दिवशी. परीक्षकांनीही गायी किती, हे विचारले नाही. चुकीचा हिशेब बक्षिसासह त्या मुलाच्या डोक्यात पक्का झाला, याचा मला संताप येतो.

विद्यार्थ्याच्या अशा प्रकल्पाला आठ आठवडे पुरतात, पण ते नीट वापरले तर. प्रश्न एका पानात लिहायचा, नमुने किती ते संख्याशास्त्रज्ञाला गोठ्यात जाण्याआधी विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात गुरू-शिष्याने तोच पॅडल वेगवेगळा वाचून आकडे ताडायचे. जुळेपर्यंत एकही खरा नमुना घ्यायचा नाही. दर आठवड्याला कच्ची वही समोर ठेवून बसायचे. फरक आढळला नाही तर तसेच लिहायचे. जनावरांवर प्रयोग असेल तर नैतिकता समितीची मंजुरी मार्गदर्शकाने आधीच घेऊन ठेवावी, नाहीतर निम्मा काळ वाट पाहण्यात जातो. आणि एका मार्गदर्शकाकडे दोनच विद्यार्थी. वीस दिले की पुन्हा सही आणि प्रमाणपत्रच.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना 1979 पासून आहे. साडेपाच वर्षे घालवणाऱ्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तसे विद्यावेतन, गोठ्यापर्यंतचे पेट्रोल आणि अभिकर्मकांचा (चाचणीच्या रसायनांचा) खर्च का मिळू नये? पुण्यात जागांची वाण नाही. औंधला रोग अन्वेषण विभाग आणि लसी बनवणारी संस्था, पाषाणला एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), उरुळी कांचनला पशुधन विकासाचे काम करणारी बाएफ, तासाभरावर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. पशुसंवर्धन आयुक्तालयही इथेच. या सगळ्यांनी मिळून दरवर्षी वीस मुले घेतली तरी पुष्कळ झाले.

आणखी एक. रेबीजच्या बातम्यांत 'कुत्र्याचे रक्त तपासणीला पाठवले' असे छापून येते. कृपया ते थांबवा. कुत्र्याला रेबीज आहे की नाही याची खात्री मेंदूच्या नमुन्यातून होते, त्यातही मेंदूकांड (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) आणि लहान मेंदू दोन्ही लागतात. नमुना बर्फात पाठवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नव्हे. चावलेले कुत्रे जिवंत असेल तर ते बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवायचे. आणि चावा लागलेल्या माणसाने जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची, कुत्र्याच्या अहवालासाठी थांबायचे नाही.

आपला,
एक वाचक, औंध, पुणे