कॉम्प्युटरमधल्या जाळाची धग

नागोया,
१८ जुलै

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारचा फोन अर्धाच राहिला. मागं कुठल्या तरी गाडीचं रेसिंग चाललं होतं, तुम्हाला माझं ऐकू येईना आणि मला तुमचं. तुम्ही शेवटी विचारलेलं मात्र स्पष्ट ऐकू आलं: "पोरी, कॉम्प्युटरमधल्या जाळाला धग असत्या का?" मी 'नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला. चार दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातनं जात नाही. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. दुपारी जेवण झालं की गॅरेजच्या बाकावर बसून सावकाश वाचा.

आधी पाण्याचं. मी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. ३९ फुटांची इशारा पातळी आली की चिखलीच्या काकांना जनावरं घेऊन वर यायला सांगा. धोक्याच्या ४३ फुटांची वाट बघायला लावू नका. २०१९ च्या महापुरात काय झालं ते आपण बघितलंय.

आता जाळाचं. तुमच्याकडं गाडी आली आणि इंजिन ठोकत असलं, की तुम्ही नुसत्या आवाजावरनं ओळखायचा. मग टायमिंग थोडं मागं घ्यायचं, हेड उघडून कार्बन खरवडायचा, पेट्रोल कुठं भरलं ते विचारायचं. मी शाळेत असताना तुम्ही मला एक पिष्टन दाखवला होता, माथ्यावर किड्यानं खाल्ल्यासारखे खड्डे पडलेला. "ठिणगीचा जाळ पोचायच्या आत उरलेलं मिक्श्चर आपलं आपणच पेटलं, म्हणून हे असं झालं," असं तुम्ही म्हणालात. साध्या ठोक्यात जे होतं त्याला पुरतं डिटोनेशन (धक्क्याच्या लाटेनं होणारं पेटणं) म्हणत नाहीत, पण ते त्याच्याच भावकीतलं. तुम्ही जन्मभर जे इंजिनातनं हाकलून लावलं, तेच मुद्दाम घडवून त्यावर इंजिन चालवायचं, असं माझं काम आहे, आणि तो जाळ मी कॉम्प्युटरवर हिशेबानं करून बघते.

काकांच्या गुऱ्हाळातलं चुलवाण आठवा. जळव्या चिपाड आत सारतो, एक चिपाड तापून दुसऱ्याला पेटवतं. जाळ असा शेजाऱ्याला ऊब देत देत पुढं जातो. हायड्रोजन आणि हवेचं शांत मिश्रण पेटवलं तरी जाळ सेकंदाला दोन-तीन मीटरच सरकतो. डिटोनेशनमध्ये जाळाच्या पुढं धक्क्याची लाट असते. ती मिश्रणाला इतकं दाबते की ते एका झटक्यात १,२०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं आणि आपोआप पेटतं. त्या पेटण्याच्या जोरावर धक्का पुढं ढकलला जातो. त्याच हायड्रोजन-हवेत ही लाट सेकंदाला जवळजवळ २,००० मीटर जाते, आणि तिच्यामागं दाब पंधरा पटींवर गेलेला असतो. विमानाच्या नेहमीच्या जेट इंजिनात जळताना दाब थोडा घटतो, इथं तो वाढतो. त्या वाढलेल्या दाबातनं त्याच इंधनात जास्त काम काढता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. कागदावर दिसणारा फायदा पुरा हाती येत नाही, कारण इंधन आत सोडताना दाब खर्च होतो आणि भिंती उष्णता खातात.

इंजिनाची घडण बघितलीत तर तुम्हाला आवडेल. एकात एक बसवलेले दोन नळकांडे, आणि मधल्या अरुंद फटीत ही लाट गोल गोल फिरत राहते. पूर्वी चरकाभोवती बैल फिरायचे तशी. बैल पुढं गेला की मागं चरकात नवा ऊस घालायचा. इथं लाट पुढं गेली की मागच्या जागेत ताजं मिश्रण भरायचं, ती परत यायच्या आत. फट १० सेंटिमीटर व्यासाची धरली तर लाट सेकंदाला सहा हजारांवर फेरे मारते. एकदा पेटवलं की पुन्हा ठिणगी लागत नाही, आणि व्हॉल्व्ह उघडझाप करत नाही. हा फिरता प्रकार रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या व्होइत्सेखोव्स्की यांनी १९६० च्या आसपासच करून दाखवला होता. इथल्या नागोया विद्यापीठानं आणि जपानच्या 'जाक्सा' या अंतराळ संस्थेनं २७ जुलै २०२१ ला असं इंजिन एका साउंडिंग रॉकेटमधनं (थोडा वेळ अंतराळात जाऊन परत खाली पडणारं छोटं रॉकेट) वर नेऊन अंतराळात सहा सेकंद चालवलं. जोर साधारण ५०० न्यूटन, म्हणजे पन्नास किलो उचलण्याएवढा. अमेरिकेत 'नासा'नं २०२३ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत २५१ सेकंद चालवून सुमारे २,६०० किलोचा जोर मिळवला. मी इथं आले त्याचं कारण ते सहा सेकंद.

मग कॉम्प्युटर कशाला? कारण आत बघता येत नाही. भिंतीत बसवलेला सेन्सर एका जागेचा दाब सांगतो, आणि तोही त्या धगीत फार टिकत नाही. म्हणून आम्ही ती फट कॉम्प्युटरमध्ये बारीक चौकटींत वाटतो आणि प्रत्येक चौकटीत वायूचा वेग, दाब, तापमान यांचा हिशेब क्षणाक्षणाला करतो. हायड्रोजनसारख्या सगळ्यात साध्या इंधनालाही नऊ पदार्थ आणि वीसेक रासायनिक क्रिया धराव्या लागतात. धक्का आणि जाळ यांच्यात पाव मिलिमीटरसुद्धा अंतर नसतं. ते नीट पकडायचं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी चौकट हवी. मी एकदा वहीत गणित मांडलं: १० सेंटिमीटर व्यास, तेवढीच लांबी आणि १ सेंटिमीटर रुंदीची फट धरली तर ३१ हजार कोटी चौकटी होतात. आणि लाटेचा एक फेरा पुरा करायला वेळेची पन्नास हजार पावलं, प्रत्येक पावलाला सगळ्या चौकटींचा हिशेब. एवढं कुणाला परवडत नाही. म्हणून लाट जिथं असेल तिथंच चौकटी बारीक करायच्या आणि ती पुढं गेली की मागच्या परत मोठ्या करायच्या.

आबा, या काटकसरीतच खोट निघते. मार्चमध्ये माझ्या स्क्रीनवर फार देखणी लाट फिरत होती. तीन आठवडे मी त्यावर खूश होते. एका रात्री जवळनं बघितलं तर जाळ धक्क्याच्या पुढं पळत होता! ठिणगी पडायच्या आधी पेट्रोल पेटावं तसं. प्रत्येक पावलाला तो बरोबर एक चौकट सरकत होता. मी वेळेचं पाऊल निम्मं केलं, तर लाटेचा वेग बदलला. तिथं माझ्या पोटात खड्डा पडला. खऱ्या जाळाला माझ्या पावलांशी काय देणंघेणं? कोलेला, मजदा आणि रॉयटबर्ड या तिघांनी १९८६ सालीच हा धोका लिहून ठेवलाय: चौकटी भरड असल्या की हिशेब स्वतःचीच एक खोटी लाट तयार करतो. मी ते वाचलंही होतं. सेन्सेईंनी (इथं गुरूंना असं म्हणतात) सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, चौकटी निम्म्या कर आणि परत चालव. चौकटी परत निम्म्या करूनही उत्तर हलत नाही, तोवर ते मला कुणाला काही दाखवू देत नाहीत.

पण चौकटी बारीक केल्या म्हणजे खरं झालं असंही नाही. तिथं आजी आठवते. एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली पालथी धरायची आणि काजळी जमली की काजळ करायची. इथं प्रयोगशाळेत धातूची पातळ पट्टी तशीच दिव्यावर काळी करून नळीत ठेवतात. डिटोनेशन तिच्यावरनं गेलं की काजळीत रेघा उमटतात, माशाच्या खवल्यांसारख्या, एकाला एक लागून. देनिसोव्ह आणि त्रोशिन यांनी १९५९ मध्ये ही खवली दाखवली आणि तेव्हा कळलं की लाटेचं तोंड सपाट भिंतीसारखं नसतं. त्यात आडव्या लाटा एकमेकींवर आपटत असतात, आणि जिथं त्या भेटतात ते टोक काजळी खरवडत जातं. मागच्या महिन्यात मला एक पट्टी काळी करायला दिली. जाड थर बसला की रेघा फाटतात, पातळ बसला की दिसत नाहीत. हात फिरता ठेवावा लागतो. आजीचा हात तसाच फिरायचा.

पट्टी बाहेर काढली तेव्हा खवलं साधारण एक सेंटिमीटरचं होतं. माझ्या कॉम्प्युटरनं काढलेलं त्याहून पुष्कळ लहान. चौकटी बारीक, रसायनाचा हिशेब पुरा, तरी जुळेना. हे माझ्या एकटीचं नाही, हायड्रोजन-हवेत दुसऱ्यांनाही खवली अशीच लहान मिळाली आहेत. धक्का बसल्यावर रेणू आतल्या आत थरथरायला लागायला थोडा वेळ घेतात आणि आपण तो हिशेबात धरत नाही, असं एक कारण त्यावर सांगितलं जातं. सध्या मी तेच करून बघतेय. जुळेल की नाही ते पट्टी सांगेल.

तर कॉम्प्युटरमधल्या जाळाला धग नसते, आबा. तो काजळीच्या पट्टीशी जुळेपर्यंत मी त्याला जाळ म्हणणार नाही.

एक काम आहे. तो खड्डे पडलेला पिष्टन मागच्या फळीवर, जुन्या कार्बोरेटरांच्या डब्यात असेल. माथ्याचा फोटो उजेडात, जवळनं काढून पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे खड्ड्यांचं माप कळेल. सेन्सेईंना दाखवायचाय. त्यांना मी सांगितलंय की माझ्या वडिलांनी हे मला बारा वर्षांची असताना शिकवलं.

आईला सांगा, कांदा-लसूण मसाला अजून अर्धी बरणी आहे, दिवाळीपर्यंत पुरेल. काकांना नमस्कार. गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या आधणाच्या वेळी मला व्हिडिओ कॉल करा, चुलवाणाच्या बाजूनं.

तुमची,
पोरगी